शर्यतीच्या माळाशेजारी राहताय? आवाजाची तक्रार अशी करा

अमळनेर तालुक्यातल्या आमच्या गावाबाहेर बैलगाडा शर्यतीचा जुना माळ आहे. माझे वडील तिथे तापी खिल्लार जोडी पळवायचे. २०१४ साली सुप्रीम कोर्टाच्या निकालानं शर्यती थांबल्या आणि त्या शांत वर्षांतच माळासमोर आमची कॉलनी उभी राहिली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना पुन्हा परवानगी मिळाली, तेव्हा निम्म्या घरांना हा आवाज नवीन होता.

पहिल्या वर्षी मी चूक केली. नातीची बारावी, बायकोची अर्धशिशी, आणि भोंग्यांची तोंडं थेट आमच्या ओट्याकडे. ऐन शर्यतीत रागानं पोलीस ठाण्यात फोन केला, "शर्यत बंद करा." आवाज तसाच राहिला, वर माणसं दुरावली. म्हणून सांगतो, शर्यतीविरुद्ध लिहू नका, आवाजाविरुद्ध लिहा. मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठानं शर्यतीचा कायदा वैध ठरवलाय, त्यामुळे ‘शर्यतच बेकायदा’ म्हणणारा अर्ज टिकत नाही.

आधी वही करा. तारीख, वेळ, कसला आवाज, तुम्ही कुठे होतात. माझ्या वहीत असं आहे: ‘दुपारी २.१०, भोंगा, मागची खोली, खिडक्या बंद, तरी निवेदकाचा शब्दन् शब्द कळतो.’ ‘४.४०, गाड्यामागं सायलेन्सर काढलेल्या मोटरसायकली.’ चार पानं भरली तेव्हा माझं मलाच कळलं की बैलांचा, हाकाट्यांचा त्रास जवळजवळ नव्हताच. त्रास होता दोन भोंग्यांचा आणि पाच-सहा पोरांच्या गाड्यांचा. मोबाइलवरच्या डेसिबल ॲपचा आकडा पुरावा म्हणून धरू नका. पोलिसांकडे मोजायचं यंत्र असतं, ते आणायला सांगा.

मग ज्या यात्रेत शर्यत भरते, तिच्या पंधरा-वीस दिवस आधी यात्रा कमिटीकडे जा. एकटे नको, कॉलनीतली दोन वडीलधारी माणसं आणि शक्यतो एखादी बाई सोबत घ्या. आमच्या वेळी एक आबा म्हणाले, "भाऊ, हाऊ माळ आमना आजाना येळना शे" (हा माळ आमच्या आजोबांच्या वेळचा आहे). मी म्हटलं, "आबा, माझ्या बापानंही इथंच जोडी पळवली. माळ राहू द्या, भोंगा फिरवा." तिथून बोलणं सुरू झालं. मागायचं ते नेमकं मागा: भोंग्यांची तोंडं शेताकडे, एका उंच खांबाऐवजी प्रेक्षकांजवळ लहान स्पीकर, अंधार पडला की माइक बंद, मोटरसायकली माळाबाहेर. भोंग्याचा आवाज तोंडासमोर जास्त जातो, म्हणून नुसती दिशा बदलली तरी फरक पडतो. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी जमिनीलगतची हवा गार होते आणि आवाज लांबपर्यंत जातो. माइक लवकर बंद करायचं हेही एक कारण सांगा.

कमिटीनं ऐकलं नाही तर कायदा तुमच्या बाजूला आहे. माळ जुना आणि घर नवं, एवढ्यानं तुमचा हक्क जात नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. लाउडस्पीकरला लेखी परवानगी लागते. त्या परवानगीची आणि तिच्यातल्या अटींची प्रत माहिती अधिकारात मागा. अर्जाला १० रुपये लागतात. अट मोडलेली दिसली की वहीतल्या वेळेसमोर ती अट लिहा. रात्री दहानंतर माइक चालू असेल तर थेट ११२ लावा.

लेखी अर्ज एका पानाचा पुरे. पोलीस ठाण्याला एक, प्रांताधिकाऱ्यांना एक, सोबत वहीची झेरॉक्स. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारखेसह पोच घेतल्याशिवाय निघू नका. पोच देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती वहीला टाचून ठेवा.