स्टेपर मोटरचा टॉर्क घरी मोजताय? या चुका टाळा

स्टेपर मोटर, म्हणजे ठरावीक छोट्या टप्प्यांनी (स्टेप) फिरणारी मोटर. माझ्या मोटरच्या लेबलवर टॉर्क, म्हणजे शाफ्ट फिरवण्याचा जोर, लिहिला होता ४ किलो-सेंटिमीटर. शाफ्टवर १० सेंटिमीटरचा दांडा बसवला आणि टोकाला वजनं टांगत गेलो. हिशोबाने ४०० ग्रॅमपर्यंत मोटरने दम धरायला हवा होता. १४० ग्रॅमलाच कटकट करत दांडा खाली गेला. पुन्हा केलं, पुन्हा १४०. मोटर बोगस आहे असं ठरवून मी ती खोक्यात परत भरली.

मोटर ठणठणीत होती. ड्रायव्हर (मोटरला करंट पुरवणारा सर्किट बोर्ड) त्या क्षणी मोटरच्या कॉइलमध्ये (तांब्याच्या वेढ्यांमध्ये) जेवढा करंट सोडत होता, तेवढ्याच करंटचा टॉर्क मी मोजत होतो. तेव्हापासून टेबलावर एकच शिस्त ठेवली आहे: आधी अँपिअर, मग ग्रॅम. खाली लिहिलेल्या निम्म्या चुका ही शिस्त मोडल्यामुळेच होतात.

१४० ग्रॅम आले कुठून?

डेटाशीटमधला होल्डिंग टॉर्क (थांबलेली मोटर जागा न सोडता जेवढा जोर पेलते तो) साधारणपणे दोन्ही कॉइलमधून एकाच वेळी पूर्ण रेटेड करंट सोडून मोजलेला असतो. आपण मात्र ड्रायव्हरवर तोच आकडा 'पीक' (कमाल करंट) म्हणून लावतो. ए४९८८ सारखा ड्रायव्हर फुल स्टेपमध्ये प्रत्येक कॉइलला त्या पीकच्या ७१ टक्केच करंट देतो. मायक्रोस्टेपिंगमध्ये, म्हणजे एका स्टेपचे बारीक तुकडे करून फिरवताना, एका कॉइलचा करंट वाढला की दुसरीचा कमी होतो, त्यामुळे एकत्रित जोर तेवढाच राहतो. म्हणजे सुरुवातीलाच टॉर्क साधारण ७१ टक्क्यांवर आला. डीएम५४२ सारख्या ड्रायव्हरच्या तक्त्यात पीक आणि आरएमएस (एक प्रकारची सरासरी) असे दोन रकाने असतात. घाईत बघताना त्यांची हमखास गफलत होते.

दुसरा घाव थांबलेल्या मोटरवर बसतो. पल्स (मोटरला स्टेप घ्यायला सांगणारे इशारे) येणं बंद झालं की असे बरेच ड्रायव्हर करंट निम्मा करतात. डीएम५४२ वर त्यासाठी चौथा डिप स्विच (बोर्डावरचं छोटं बटण) आहे, आणि टीएमसी२२०९ हा ड्रायव्हर हेच काम गुपचूप करतो. मोटर तापू नये म्हणून केलेली ही चांगली सोय आहे, पण होल्डिंग टॉर्क मोजायचा तर मोटर थांबलेलीच असणार! ७१ टक्क्यांचे निम्मे म्हणजे साधारण ३५ टक्के. ४०० ग्रॅमचे १४० झाले ते असे.

होल्डिंग टॉर्क मोजताना मी आता ड्रायव्हर वापरतच नाही. करंट बांधून देणारा बेंच पॉवर सप्लाय घ्यायचा, मोटरच्या दोन्ही कॉइल सिरीजमध्ये जोडायच्या आणि करंट मर्यादा रेटेड आकड्यावर ठेवायची. १.५ अँपिअरची, प्रत्येकी २ ओहमच्या कॉइलची मोटर असेल तर सप्लायवर साधारण ६ व्होल्ट दिसतील. दोन्ही कॉइलमधून तोच पूर्ण करंट वाहतो आणि डेटाशीटशी सरळ तुलना करता येते.

कॉइलच्या जोड्या ओळखायला मल्टिमीटर पुरतो. तोही हाताशी नसेल तर सुट्या मोटरच्या कुठल्याही दोन वायरी एकमेकींना टेकवा आणि शाफ्ट बोटांनी फिरवा. एकदम जड लागला तर ती एक जोडी. फक्त हा प्रयोग ड्रायव्हरला जोडलेल्या मोटरवर करू नका, कारण हाताने फिरवलेली मोटर जनरेटर होते आणि तो व्होल्टेज ड्रायव्हरमध्ये घुसतो. चालू ड्रायव्हरवरून मोटरची वायर उपटणंही तितकंच महागात पडतं.

सप्लायच्या वायरीतला करंट म्हणजे कॉइलचा करंट नव्हे

सप्लाय आणि ड्रायव्हरच्या मध्ये मल्टिमीटर लावून ०.४ अँपिअर दिसला की लोक ड्रायव्हरवरचा करंट ठरवणारा स्क्रू (पोटेन्शिओमीटर) पिळायला लागतात. थांबा. ड्रायव्हर करंट कापून-कापून देतो, त्यामुळे २४ व्होल्टला थोडासा करंट आत घेऊन तो कॉइलला कमी व्होल्टेजवर कितीतरी जास्त करंट देऊ शकतो. मोजायचंच असेल तर मीटर कॉइलच्या वायरीत सिरीजमध्ये लावा, आणि तोही सगळं बंद असताना.

असाच घोळ लेबलवरच्या व्होल्टेजचा. २.८ व्होल्ट म्हणजे १.६८ अँपिअर गुणिले १.६५ ओहम, बस्स. त्या मोटरला २४ व्होल्टचा ड्रायव्हर लावणं चूक नाही, उलट तेच योग्य.

दांडा, पेच आणि तीन मिलिमीटर

करंट पक्का झाला की यंत्रणेकडे वळा. पहिला गुन्हेगार ग्रब स्क्रू, म्हणजे दांड्याचा हब (शाफ्टवर बसणारा भाग) शाफ्टवर आवळणारा बिनडोक्याचा पेच. ५ मिलिमीटरच्या गुळगुळीत शाफ्टवर तो किंचित सरकतो आणि आपल्याला वाटतं मोटर सुटली. शाफ्टच्या टोकावर आणि हबवर मार्करने एक सरळ रेघ ओढा. प्रत्येक मापनानंतर रेघ जुळते का ते बघा. शाफ्टला सपाट कड असेल तर स्क्रू त्याच कडेवर बसवा.

याहून चांगली खूण दांड्याच्या टोकालाच मिळते. १.८ अंशाच्या मोटरमध्ये भार वाढत जातो तसा रोटर आपल्या जागेवरून थोडा थोडा मागे सरकतो, आणि साधारण एक पूर्ण स्टेप सरकला की टॉर्क कमाल होतो. त्यापुढे मोटर हार मानते. १० सेंटिमीटरच्या दांड्यावर हे अंतर सुमारे ३ मिलिमीटर भरतं. टोकाशेजारी पट्टी उभी करा आणि निरखा: टोक ३ मिलिमीटरच्या आसपास झुकून एकदम सुटलं तर ती मोटरच सुटली. ५-६ मिलिमीटर हळूहळू घसरत गेलं तर हब सरकतोय, किंवा मोटरचं अंगच शिकंज्यात फिरतंय.

दांड्याच्या स्वतःच्या वजनाचं काय? ४० ग्रॅमची पट्टी, तिचं गुरुत्वकेंद्र शाफ्टपासून ६ सेंटिमीटरवर, म्हणजे ०.२४ किलो-सेंटिमीटर. ४ च्या मोटरवर ६ टक्के फुकट गेले. ते उत्तरात मिळवा, किंवा दांडा दोन्ही बाजूंना सारखा लांब ठेवा. दांडा आडवाच हवा. २० अंश कललेला असेल तर आणखी ६ टक्के जातात. ३० अंशांना १३.

एककांत फार वेळ घालवत नाही. १ किलो-सेंटिमीटर म्हणजे ९.८१ न्यूटन-सेंटिमीटर, म्हणजे जवळपास १३.९ औंस-इंच. कुणी 'किलो पर सेंटिमीटर' लिहिलं असेल तर तो भागाकार नाही, गुणाकारच आहे.

वजन टांगू नका, पाणी ओता

सुटी वजनं टांगताना प्रत्येक वेळी छोटा हिसका बसतो आणि मोटर आधीच सुटते. डिजिटल काटा हाताने ओढला तर उलट अडचण. त्याचा आकडा आपल्या ओढीमागे रेंगाळतो, नेमक्या सुटण्याच्या क्षणीचा आकडा तो पकडतच नाही, आणि काही काटे मध्येच 'होल्ड' करून बसतात.

मला सगळ्यात भरवशाची वाटली ती प्लास्टिकची बाटली. रिकामी बाटली दांड्याच्या टोकाला टांगा, बारीक नळीने पाण्याची धार सोडा. दांडा सुटला की धार बंद करा आणि बाटली, पाणी, दोरी सगळं मिळून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. हिसका नाही, घाई नाही. खाली बादली मात्र ठेवा, आणि सप्लाय त्या पाण्यापासून लांब, वरच्या पातळीवर.

एका मापनावर विसंबू नका. रोटरच्या वेगवेगळ्या जागी थोडे वेगळे आकडे येतात आणि बेअरिंगचं घर्षण दर वेळी भाराच्या विरुद्ध बाजूने मोटरला मदत करतं. मी शाफ्ट वेगवेगळ्या जागी ठेवून दहा मापनं घेतो, पाच डावीकडे, पाच उजवीकडे, आणि सरासरीबरोबर सगळ्यात कमी आकडाही लिहून ठेवतो. मशीन अडकतं ते त्या कमी आकड्यावर.

रेटेड करंटवर उभी मोटर भराभर तापते. करंट बांधलेला असेल तर फारसं बिघडत नाही. पण नुसता व्होल्टेज स्थिर ठेवला असेल तर तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्क्यांनी वाढतो. तापमान ५० अंशांनी वाढलेल्या कॉइलमध्ये करंट जवळपास एक-षष्ठांशाने घटलेला असतो. दहावं मापन पहिल्याशी जुळत नसेल तर आधी मोटरला हात लावून बघा. हळूच, चटका बसतो.

फिरत्या मोटरचा टॉर्क ही वेगळीच गोष्ट

होल्डिंग टॉर्क मोजून झाला की पुष्कळजण तोच आकडा घेऊन लीडस्क्रू (मोटरच्या फिरण्याने यंत्राचा भाग पुढे-मागे सरकवणारा लांब आटेदार दांडा) निवडायला बसतात. इथे मात्र मी हट्टाने अडवतो. वेगात मोटर किती ओढेल हे व्होल्टेज आणि इंडक्टन्स (करंट बदलायला कॉइल करते तो विरोध, एकक हेन्री) ठरवतात. २.८ मिलिहेन्रीच्या कॉइलमध्ये १.६८ अँपिअर चढायला १२ व्होल्टवर सुमारे ०.४ मिलिसेकंद लागतात, २४ व्होल्टवर ०.२. मिनिटाला ६०० फेऱ्यांवर एका पूर्ण स्टेपच्या वाट्याला अवघे ०.५ मिलिसेकंद येतात. त्यात बॅक ईएमएफ (फिरती मोटर स्वतःच तयार करते तो उलटा व्होल्टेज) धरला तर १२ व्होल्टवर करंट पुरता चढायच्या आत पुढची स्टेप येऊन ठेपते. म्हणून फिरत्या टॉर्कचा आकडा लिहिताना शेजारी वेग, व्होल्टेज आणि ड्रायव्हर लिहिलाच पाहिजे.

मोजायला १८२१ सालच्या प्रोनी ब्रेकचाच (घर्षणाने ब्रेक लावून टॉर्क मोजणारं साधन) सोपा भाऊ पुरतो: पुलीवर दोरीचा अर्धा वेढा, दोन्ही टोकांना स्प्रिंगचे काटे. दोन्ही काट्यांतला फरक गुणिले त्रिज्या म्हणजे टॉर्क. इथे चूक त्रिज्येत होते. २० मिलिमीटर व्यासाच्या पुलीवर २ मिलिमीटर जाडीची दोरी असेल तर हिशोबाची त्रिज्या १० नव्हे, ११ मिलिमीटर. एवढ्याशा दोरीने १० टक्क्यांचा फरक पडतो.

मोटर आधी मोकळी फिरवून हव्या त्या वेगाला न्या, मग दोरी हळूहळू ताणा. ताणलेल्या दोरीवर थेट त्या वेगाने सुरू केलीत तर मोजला जातो तो पुल-इन टॉर्क (भारासकट थेट सुरू होतानाचा जोर), आणि तो बराच कमी असतो. सेकंदाला १०० ते २०० पूर्ण स्टेपच्या आसपास बऱ्याच मोटरी अनुनादात थरथरतात आणि फार कमी भाराला स्टेप सोडतात. जड पुली बसवली की तो पट्टा जागा बदलतो. त्यामुळे एकाच वेगाला आकडा विचित्र कमी आला तर वेग थोडा वर-खाली करून पुन्हा मोजा. दोन्ही बाजूंना आकडा सावरला, तर कमजोरी मोटरची नाही, त्या वेगाची आहे.