पोरं गावोगाव, आपण फोनवर: कामं वाटायची सिस्टीम कशी निवडायची

आमचं सांगलीत आर.ओ., एसी आणि इन्व्हर्टर सर्व्हिसिंगचं काम आहे, सात पोरं बाईकवर. सकाळी नऊ ते अकरा माझा फोन कानाला चिकटलेला, मिरजेचं झालं का, तासगावला कोण चाललंय, विश्रामबागच्या मॅडम तिसऱ्यांदा फोन करायल्यात. हे सुटावं म्हणून मी एक सॉफ्टवेअर घेतलं, ऑफिसात एसीत बसून डेमो बघितला आणि वर्षाचे पैसे एकदम भरून मोकळा झालो. पहिल्याच आठवड्यात जतकडं गेलेल्या पोराचा फोन आला, कसाबसा लागला, "दादा रेंज न्हाय, ॲप नुसतं गोल गोल फिरतंय." काम झालेलं, फिल्टर बदललेला, पैसे घेतलेले, आणि ॲपमध्ये आपलं पेंडिंगच. कंपनीचं नाव राहू दे, चूक माझी पण होतीच.

तर आता घ्यायचं असेल तर आधी ॲप बघूच नका. एक वही घ्या आणि आठ दिवस प्रत्येक काम लिहा: फोन किती वाजता आला, गाव कुठलं, कोण गेला, जायला किती वेळ, कामाला किती, आणि काम अडलं तर कशानं अडलं. कंटाळा येतो पण हीच वही पुढं सगळं सांगते. आमच्या वहीत निघालं काय, तर पोरं कमी पडत नव्हती, पार्ट नसल्यामुळं एकाच घरी दोनदा जाणं होत होतं आणि सकाळी शिराळा, दुपारी जत असलं वाटप मीच करत होतो. शिराळा पश्चिमेला जवळपास ६० किलोमीटर, जत पूर्वेला ८०-९०, म्हणजे पोरगं दिवसभर गाडीवरच.

मग माणसं मोजा. दोन-तीन पोरं असतील आणि सगळं शहरातलंच काम असेल तर खरं सांगतो, काही विकत घेऊ नका, गुगल कॅलेंडर प्रत्येकाच्या फोनमध्ये टाका, प्रत्येकाला एक रंग द्या, पत्ता आणि नंबर त्यातच लिहा, बास. पाच-सहाच्या पुढं गेलात, एएमसी (वर्षाचे देखभालीचे करार) वाढल्या, दर तीन-चार महिन्यांनी त्याच घरी जायचं असलं, की मग खरी सिस्टीम लागते, कारण ती तारीख कुणाच्याच डोक्यात राहत नाही. आणि एखाद्या कंपनीचं ऑथोराइज्ड सेंटर असाल तर त्यांचं ॲप आधीच असतं, काम झालं की कॉल (म्हणजे तक्रार) तिथं क्लोज करावाच लागतो. मग एकच काम पोरानं दोन ठिकाणी भरायचं का, हे आधी बघा, नाहीतर आठवड्यात दोन्हीकडं खोटं भरायला लागतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विकणारा तुम्हाला मालकाची स्क्रीन दाखवतो, रंगीत तक्ते, नकाशावर पळणारे ठिपके. तुम्ही पोराची स्क्रीन मागा. आणि टेस्ट ऑफिसात नको, दोन पोरं निवडा, एक हुशार आणि एक ज्याला ॲपचा राग आहे तो, आणि दहा दिवस खऱ्या कामावर फ्री ट्रायल चालवा. नेट बंद करून काम उघडतंय का, फोटो काढून ठेवता येतो का, रेंज आल्यावर आपोआप वर जातं का. मराठीत दिसतं का. बॅटरी सेव्हर चालू असला की लोकेशन आणि नोटिफिकेशन बंद पडतं का (बऱ्याच फोनवर पडतं, सेटिंगमध्ये जाऊन त्या ॲपला बॅटरी सेव्हरमधून वगळावं लागतं).

पत्त्याचं तर विचारूच नका. आपल्याकडं पत्ता म्हणजे "मळ्यात, पवारांच्या विहिरीच्या वरल्या अंगाला". पिनकोडवरून नकाशा गावातल्या एसटी स्टँडवर नेऊन सोडतो. म्हणून गिऱ्हाईकानं व्हॉट्सॲपवर पाठवलेलं लोकेशन त्याच्या नावाला कायमचं चिकटवता येतंय का हे बघाच. रूट आपोआप लावून देतो म्हणणाऱ्यावरही जरा कमीच विश्वास ठेवा, गळीत हंगामात उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकल्यावर चाळीस मिनिटाचा रस्ता सव्वा तास खातो, म्हणून दोन कामांमधला वेळ हातानं वाढवता आला पाहिजे. तसंच दिवसाची सगळी कामं एका झटक्यात पुढं ढकलता येतात का तेही बघा. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट, पण पाणी ४० फुटाच्या इशारा पातळीला आलं की आम्ही नदीकाठची कामं हलवायला घेतो, २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरानंतर कुणी वाट बघत नाही.

पैशाचा हिशोब सोपाय. समजा एका माणसाला महिना ५०० रुपये, सात पोरं आणि तुम्ही मिळून आठ, वर्षाचे झाले ४८,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ८,६४०, म्हणजे ५६,६४०. एसएमएसचे वेगळे, ट्रेनिंगचे वेगळे का ते लिहून घ्या. पहिले तीन महिने महिन्याचेच भरा, वर्षाचा डिस्काउंट सोडला तरी चालेल. आणि सोडून जाताना गिऱ्हाइकांची यादी, जुनी कामं, एएमसीच्या तारखा एक्सेलमध्ये काढता येतात का, हे ट्रायलमध्येच काढून बघा, तोंडी "हो सर" वर थांबू नका.

लोकेशन ट्रॅकिंगचं पोरांना आधी सांगा. आम्ही न सांगता चालू केलं तर दोघं फोन घरी ठेवून निघायला लागले. मग ठरवलं, ड्युटी सुरू केली की चालू, संपली की बंद, आणि जेवायला कुठं थांबला हे विचारायचं नाही.

सुरुवात मार्च-एप्रिलमध्ये अजिबात नको, एसीचा सीझन असतो, श्वास घ्यायला वेळ नसतो. आम्ही जुलैत केली. पंधरा दिवस वही आणि ॲप दोन्ही चालवलं आणि सोळाव्या दिवशी वही कपाटात टाकून किल्ली बायकोकडं दिली, कारण वही समोर असली की मीच त्यात लिहायचो आणि पोरांना ते काम दिसायचंच नाही.