घानात सुपरवायझर म्हणून निघालात? या चुका टाळा

तेमाला उतरलेला नवा सुपरवायझर पहिल्या महिन्यात मला हमखास एक वाक्य ऐकवायचा, "सर, इथली माणसं ऐकतच नाहीत." मी विचारायचो, "सकाळी आत शिरल्यावर पहिलं काय बोललास?" उत्तर ठरलेलं असायचं, "तीन नंबरचं मशीन का बंद आहे, ते विचारलं." दुखणं कुठे आहे ते तिथेच कळायचं.

तेमा हे घानाची राजधानी अक्राच्या पूर्वेचं बंदर. 1962 साली ते सुरू झालं, मग अकोसोंबोच्या धरणाची वीज आली आणि भोवती कारखाने उभे राहिले. त्यातले पोलादाचे, प्लास्टिकचे बरेच कारखाने भारतीय मालकांचे आहेत. तेमापासून उत्तरेला म्पाकादानपर्यंतचा नवा लोहमार्गसुद्धा मुंबईच्या ॲफकॉन्सने बांधला. त्यामुळे चाकण, सातपूर, गोकुळ शिरगावहून मुलं तिकडे जात असतात. मी स्वतः एका प्लास्टिकच्या कारखान्यात आठ वर्षं काढली. खालच्या बहुतेक चुका माझ्या आहेत, उरलेल्या माझ्यामागून आलेल्यांच्या.

नमस्काराआधी मशीन

घानात आत येणाऱ्याने आधी बोलायचं. तो मॅनेजर असो की झाडूवाला, हुद्द्याचा संबंध नाही. गेटवरच्या वॉचमनला, पॅकिंगच्या बायकांना, मशीनवरच्या पोराला 'गुड मॉर्निंग', आणि जमलं तर ट्वी भाषेतलं 'माचे' म्हणायचं, घरचं कसं आहे विचारायचं आणि मग मशीन. याला रोज सात-आठ मिनिटं जातात. ती वाचवायला गेलात तर दिवसभरात दोन तास गमावता, कारण न बोलता पुढे गेलेला साहेब त्यांच्या लेखी एकतर रागावलेला असतो नाहीतर गर्विष्ठ. दोघांनाही कुणी आपणहून येऊन सांगत नाही की हीटर जळालाय.

त्यातच डावा हात. प्रसाद आपणही उजव्या हातात घेतो, पण उजव्या हातात कॅलिपर असला की गेटपास डाव्याने पुढे करताना आपल्याला काही वाटत नाही. तिथे वाटतं. हात खरंच अडकला असेल तर 'सॉरी फॉर लेफ्ट' म्हणायची पद्धत आहे, तेवढं चालतं. डाव्या हाताने माणसाकडे बोट मात्र कधीच दाखवू नका.

इंग्रजी कळलं असं समजणं

देशाची कारभाराची भाषा इंग्रजी आहे म्हणून आपण निर्धास्त असतो. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

ऑपरेटर मशीन सोडून दाराकडे निघाला आणि जाताना म्हणाला, "आय ॲम कमिंग." नवा सुपरवायझर चक्रावतो, जातोय आणि म्हणतोय येतोय! मराठी माणसाने तरी यावर हसू नये. आपण घरातून निघताना 'जातो' म्हणतो का? 'येतो'च म्हणतो. त्याचा अर्थ तोच, जाऊन लगेच येतो.

होकाराचंही तसंच. "ट्रक आला नाही का?" या प्रश्नाला तिथे उत्तर येतं, "यस." म्हणजे 'हो, नाही आला.' मराठीत आपणही असंच बोलतो, पण इंग्रजीत विचारलं की 'यस' म्हणजे ट्रक आला असं धरून मोकळे होतो. माझे एकदा अडीच तास लोडिंगच्या मजुरांना बसवून ठेवण्यात गेले. उपाय सोपा आहे. प्रश्नात नकार घालायचा नाही. "ट्रक कुठे आहे?" एवढंच विचारा.

'सॉरी'ने मात्र मला चांगलंच तोंडघशी पाडलं. एका पाळीत प्लास्टिकच्या दाण्यांचं पोतं फाटून सगळं जमिनीवर सांडलं. शेजारी उभा असलेला हेल्पर म्हणाला, "सॉरी, सॉरी." मी ती कबुली समजलो आणि त्याला मेमो दिला. संध्याकाळी फोरमनने मला बाजूला घेऊन समजावलं की ट्वीत दुसऱ्याचं काही बिघडलं, ठेच लागली की 'कोसे' म्हणतात. 'सॉरी' हे त्याचंच इंग्रजी. तो बिचारा माझ्या नुकसानीबद्दल हळहळ व्यक्त करत होता. मेमो मी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर फाडला, पण त्या हेल्परने पुढे कितीतरी दिवस माझ्यासमोर तोंड उघडलं नाही.

आणि 'प्लीज'. मराठीत 'पाना दे रे' यात काही उद्धटपणा नसतो, 'रे'मध्येच आपुलकी असते. तेच इंग्रजीत 'गिव्ह मी स्पॅनर' झालं की हुकूम होतो. घानात उत्तरसुद्धा 'प्लीज, यस' असं देतात. वाक्याच्या सुरुवातीला 'प्लीज' लावायची सवय विमानातच लावून घ्या.

'यस बॉस' म्हणजे समजलं असं धरणं

तरुण कामगार साहेबाशी बोलताना नजर खाली ठेवतो. हा आदर आहे, त्यात चोरी शोधू नका. वयाने मोठ्या माणसाला 'तुमचं चुकतंय' किंवा 'मला समजलं नाही' म्हणणं त्याला जड जातं. म्हणून सूचना दिली की 'यस बॉस' येतं आणि पुढचे दोनशे डबे वाकडे निघतात.

कामगार कायद्याने त्याला हक्क दिलेला आहे. जिवाला तातडीचा धोका दिसला तर तो जागा सोडून बाजूला होऊ शकतो आणि त्यासाठी त्याला काढता येत नाही. पण हक्क असला तरी जीभ उचलत नाही. तेव्हा 'समजलं का?' विचारणं बंद करा, 'करून दाखव' म्हणा. मोल्ड बदलायचा क्रम मी तोंडी कधीच सांगत नसे. मी एकदा करायचो, मग तो, मग तो तिसऱ्याला दाखवायचा. त्या तिसऱ्याच्या वेळी खरी शंका बाहेर यायची.

चारचौघांत झापणं तर टाळाच. अकान लोकांत, म्हणजे ट्वी ज्यांची भाषा त्यांच्यात, राजा दरबारात थेट बोलत नाही. त्याच्या शेजारी ओक्यामे नावाचा मानकरी असतो, राजाचं म्हणणं त्याच्या तोंडून लोकांपर्यंत जातं आणि लोकांचं राजापर्यंत. कारखान्यात हीच युक्ती चालते. कडक गोष्ट वयस्कर फोरमनकडून जाऊ द्या. तुमच्याविरुद्धची तक्रारही त्याच्याच वाटेने येईल, आणि ती ऐकून घ्या.

फिटर मागवला, गॅरेजवाला आला

आपल्याकडे फिटर म्हणजे आयटीआय झालेला, फाइल आणि मायक्रोमीटर हाताळणारा. घानात 'फिटर' म्हणजे गाड्या दुरुस्त करणारा मेकॅनिक. जाहिरातीत नुसतं फिटर लिहिलंत तर इंजिन खोलणाऱ्यांची रांग लागते. 'इंडस्ट्रियल मेकॅनिक' लिहा, आणि कामं एकेक करून लिहा.

पण त्या रांगेला हाकलूनही लावू नका. हे मी उशिरा शिकलो. कुमासी शहरात सुआमे मॅगझिन नावाचा एक अवाढव्य भाग आहे, मैलोन्मैल गॅरेजं, वेल्डर, लेथवाले, जुन्या सुट्या भागांचे ढीग. तिथली पोरं उस्तादाकडे राहून शिकतात. उस्ताद पगार देत नाही, उलट शिकाऊ मुलाच्या घरचे फी भरतात, सुरुवातीला दारूच्या बाटल्यांचा मान देतात, आणि काही वर्षांनी काम पुरं शिकल्यावर समारंभाने त्याची सुटका होते. अशा मुलाला ड्रॉइंग वाचता येत नाही, लॉगबुक भरायचा कंटाळा असतो, टॉर्क रेंचला तो हसतो. पण बेअरिंगचा आवाज ऐकून सांगतो की आठवडाभर चालेल. मिळत नसलेला बुश तो भंगारातून बनवून आणतो.

दुसरीकडे तांत्रिक विद्यापीठातून आलेला मुलगा. 2016 पासून जुन्या पॉलिटेक्निकना हा दर्जा मिळत गेला. त्याला पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा कंट्रोलर, कळतो, अहवाल सुंदर लिहितो, पण हात काळे करायची सवय कमी. आपले लोक प्रमाणपत्र बघून दुसऱ्याला घेतात आणि मग दोन्हीकडून रडतात. मुलाखतीत अर्धा तास वर्कशॉपमध्ये घाला. गॅस्केट कापायला द्या, बंद पडलेला पंप उघडायला द्या. दोन्ही प्रकारची माणसं घेऊन एका पाळीत जोडी लावा. उस्तादाकडून आलेल्याला पुढे सरकारी चाचणी द्यायला लावा. तिथल्या व्यवसाय शिक्षणाच्या चौकटीत आठ पायऱ्या आहेत, प्रोफिशियन्सी वनपासून थेट डॉक्टरेटपर्यंत. त्या चाचणीची फी कंपनीने भरली तर माणूस टिकतो. आमच्याकडे टिकला.

भारतातले तास तिकडे लावणं

आपल्या डोक्यात आठवड्याचे 48 तास पक्के बसलेले असतात. घानाचा 2003 चा कामगार कायदा, क्रमांक 651, दिवसाला 8 आणि आठवड्याला 40 तास म्हणतो. सलग पाळीत किमान अर्ध्या तासाची सुट्टी आणि तीही कामाच्या वेळेतच मोजायची. ओव्हरटाइमचे दर आधी ठरवलेले नसतील तर ओव्हरटाइमची सक्ती करता येत नाही. वर्षाला पगारी रजा किमान 15 कामाचे दिवस. हंगामी म्हणून घेतलेल्या माणसाने सलग 6 महिने तुमच्याकडे काम केलं की कायद्याने तो कायम. 'बघू, बघू' करत तारीख उलटून जाते, मग प्रकरण राष्ट्रीय कामगार आयोगापुढे उभं राहतं आणि मालक तुमच्याकडे बघतो. तेव्हा रुजू झाल्याची तारीख फळ्यावर लिहून ठेवा.

पेन्शनची वर्गणी मूळ पगारावर 18.5 टक्के, त्यात कामगाराचे 5.5 आणि कंपनीचे 13. महिना संपल्यापासून 14 दिवसांत भरायची. भरली की नाही हे कामगार तपासतात, अंदाजावर राहू नका.

इथे नावांची एक बारीक भानगड आहे. मुलगा शुक्रवारी जन्मला तर कोफी, शनिवारी जन्मला तर क्वामे, मुलगी रविवारची तर अकोसुआ. पाळीत चार कोफी सहज निघतात. घरचं नाव वेगळं, चर्चमधलं वेगळं. मस्टरवर हाक मारायचं नाव लिहिलंत तर वर्गणी भलत्याच्या खात्यात अडकते. घाना कार्डावर, म्हणजे तिथल्या राष्ट्रीय ओळखपत्रावर, जसं आहे तसंच, त्याच क्रमाने लिहा.

शनिवारचा ओव्हरटाइम

ऑर्डर अडली की आपण शनिवार लावतो, आणि शनिवारी निम्मे लोक गायब. घानात अंत्यविधी बहुतेक शनिवारी होतात, मृत्यूनंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनीही. काळ्या-लाल कापडात गावभर माणसं दिसतात. न जाणं म्हणजे नातं तोडणं. तिथे दिलेली रक्कम वहीत लिहितात, मोठ्याने जाहीर करतात, पावतीही देतात. आपल्या आहेराच्या वहीची आठवण होते. तारीख आधीच ठरलेली असते, म्हणून महिन्याच्या सुरुवातीलाच विचारून यादी करा. कामगाराच्या आई-वडिलांच्या विधीला कंपनीतर्फे कुणीतरी जाऊन बसा. मी पहिली दोन वर्षं गेलो नाही, आणि 'हा माणूस पाहुणा आहे' हे मत बदलायला मला पुढची दोन लागली.

बारीकसारीक, पण नडणारं

गेटवर रोज एक माणूस वही घेऊन येतो, कामगारांकडून थोडे थोडे सेडी, म्हणजे तिथले पैसे, गोळा करतो. तो सुसूवाला, आपला पिग्मी एजंटच म्हणा. महिन्याअखेरीस एका दिवसाचा हप्ता स्वतःला ठेवून बाकीचे परत देतो. आमच्या एका नव्या साहेबाने त्याला फेरीवाला समजून हाकललं आणि दुपारची पाळी थांबली.

वीज जाते-येते, त्याला ते 'दुमसोर' म्हणतात. मशीनच्या बॅरलमध्ये वितळलेला माल गोठला की तीन तास गेले. पुन्हा चालू करायचा क्रम भिंतीवर चित्रांसह लावा, नुसता इंग्रजीत नको.

अक्राच्या भागात गा लोकांच्या होमोवो सणाआधी, मे-जूनच्या सुमारास, महिनाभर ढोल-गोंगाटावर बंदी असते. नव्या मशीनच्या पूजेला स्पीकर लावायचा विचार असेल तर आधी फोरमनला तारीख विचारा.

शुक्रवारी कार्यालयांत छापील आफ्रिकी कापडाचे शर्ट घालायची पद्धत आहे, 2004 पासून सरकारनेच ती उचलून धरली. एक शर्ट शिवून घ्याच. मात्र शिंपी 'फ्रायडे' म्हणाला तर कुठला फ्रायडे, ते नीट विचारून घ्या.