पोपट स्वतःची पिसं उपटतोय? मग निदान या चुका तरी टाळा

पिंजऱ्याखाली पिसं पडलेली दिसली की आपण एकतर "मोल्टिंग असेल", म्हणजे जुनी पिसं आपोआप गळून नवी येत असतील, म्हणून झाडून टाकतो, नाहीतर घाबरून कसलातरी स्प्रे घेऊन येतो. मी दोन्ही केलंय. माझ्या आफ्रिकन ग्रे पोपटाची छाती उघडी पडायला लागली तरी मी मोल्टिंगच समजत बसलो होतो, म्हणून सांगतो, झाडू हातात घ्यायच्या आधी एक पीस उचला आणि नीट बघा.

मोल्टिंगमध्ये गळलेलं पीस अख्खं असतं, देठाचं टोक कोरडं आणि गुळगुळीत. कुरतडलेल्या पिसाच्या कडा दातरलेल्या असतात किंवा देठ मधेच पिचलेला असतो, आणि बुडाशी रक्त दिसलं तर समजा की वाढत असलेलं कोवळं पीसच ओढून काढलंय. मग तेच पीस उजेडात धरा. आडव्या फिकट रेघा दिसल्या तर त्यांना स्ट्रेस बार म्हणतात, पीस तयार होत असताना पक्षी आजारी होता, खाणं नीट नव्हतं किंवा ताणात होता याची ती खूण. फक्त गळलेलं पीस जुनं असतं, त्यामुळे रेघ कधीकधी वर्षभरापूर्वीचीही असू शकते, अंगावरच्या नव्या पिसांवर दिसली तर मात्र गोष्ट ताजी आहे.

आता डोकं बघा. पोपटाची चोच स्वतःच्या डोक्यापर्यंत पोचत नाही, त्यामुळे डोकं मस्त भरलेलं आणि मानेखाली टक्कल असेल तर उद्योग त्याचा स्वतःचाच. डोक्यावरचीही पिसं गेली असतील तर एकतर सोबतचा पक्षी उपटतोय नाहीतर आजार आहे, त्यात बीक अँड फेदर नावाचा व्हायरसही येतो, तेव्हा घरी अंदाज लावत बसू नका.

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे "त्याला टेन्शन आलंय" असं आपणच ठरवून टाकायचं आणि चार खेळणी आणायची. लिव्हरचा त्रास, त्वचेचं इन्फेक्शन, पिंजऱ्याच्या तारेतलं झिंक पोटात जाणं, कॉकाटील जातीच्या छोट्या पोपटांमध्ये जिआर्डिया हा आतड्यातला परजीवी, यातलं काहीही असू शकतं. पक्ष्यांच्या व्हेटकडून, म्हणजे डॉक्टरकडून हे तपासून घ्या, मगच ताणाकडे वळा.

दुसरी चूक तेल आणि माइट स्प्रेची, म्हणजे पिसांतल्या बारीक किड्यांवरच्या फवाऱ्याची. घरात राहणाऱ्या पोपटाच्या पिसं उपटण्यामागे माइट्स फारसे सापडत नाहीत, पण स्प्रे मात्र सगळेच मारतात! तेल लावलं की पिसं चिकटतात, अंगाची ऊब टिकत नाही, आणि तो पिसं साफ करताना तेच तेल पोटात जातं. साध्या पाण्याचा बारीक फवारा पुरतो. घरातली सिगारेट, परफ्यूम आणि रूम फ्रेशनर मात्र आधी बंद करा.

आणि ओरडू नका. त्याने पीस ओढलं की आपण "ए ए, नको!" करत धावत जातो, त्याला कळतं की पीस ओढलं की माणूस येतो. त्यापेक्षा तो शांत खेळत असताना जवळ जा. चोच पिसांपर्यंत पोचू नये म्हणून गळ्यात कॉलर घालायचा निर्णयही आपण घ्यायचा नाही, त्याने ताण अजून वाढतो, तो मांस खरवडण्यापर्यंत गेला असेल तरच आणि तेही व्हेटने सांगितलं तर.

माझ्या केसमध्ये व्हेटला आजार काही सापडला नाही, घोळ दोन निघाले. एक म्हणजे वाटीभर सूर्यफुलाच्या बिया, ज्यात व्हिटॅमिन ए जवळजवळ नसतंच. आता पेलेट्स (पक्ष्यांच्या तयार खाद्याच्या गोळ्या), पालेभाजी, गाजर, आणि बरंचसं खाणं कागदात गुंडाळून देतो. जंगलात पोपटाचे तासन् तास खाणं शोधण्यात जातात, घरी वाटी दहा मिनिटांत संपते, मग उरलेला दिवस त्या चोचीने करायचं काय? दुसरा घोळ पिंजऱ्याच्या जागेचा. हॉलच्या मधोमध ठेवला होता, चारी बाजूंनी माणसं ये-जा करणार, पाठीशी काहीच नाही. भिंतीला लावला तेव्हा पहिल्याच संध्याकाळी तो एका पायावर उभा राहून पिसं फुलवून निवांत झोपला. रात्री टीव्ही लवकर बंद, 10 ते 12 तास अंधार. पाठीवरून आणि पंखाखाली कुरवाळणंही थांबवलं, त्याने हार्मोन्स चाळवतात, फक्त डोकं खाजवायचं.

अजून एक, कुरतडलेली पिसं दिसायला वाईट म्हणून कात्रीने कापू नका. उपटलेल्या जागी नवीन पीस लगेच यायला लागतं पण कापलेला बुंधा पुढच्या मोल्टिंगपर्यंत तसाच राहतो, टोचतो आणि तो परत चावतो. कोवळं पीस तुटून रक्त आलं तर कॉर्नफ्लोअर लावून दाबून धरा, थांबलं नाही तर सरळ व्हेट.

दोन आठवड्यांत फरक दिसला नाही म्हणून सगळं बदलत सुटू नका, पीस वाढायलाच काही आठवडे लागतात. मी दर रविवारी त्याच जागी, त्याच उजेडात छातीचा फोटो काढतो, कारण रोज बघून काहीच कळत नाही. वारंवार उपटलं की पिसाचं मूळच खराब होऊ शकतं आणि मग तिथे परत काही येत नाही. माझ्याच्या छातीवर अंगठ्याएवढा एक पट्टा तसाच राहिलाय, बाकीची छाती भरलीय.