हौशी नाट्यसंस्थेचा हंगाम आणि पैसा : या चुका टाळा

सांगलीत नाटकाच्या पैशाचा विषय निघाला की कुणीतरी विष्णुदास भाव्यांचं नाव घेतंच. पण भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' उभं केलं तेव्हा पाठीशी संस्थानचे राजे चिंतामणराव पटवर्धन होते. आपल्या पाठीशी एखादी पतसंस्था, एखादा सराफ आणि कलाकारांचे मेव्हणे असतात. तरी पैशाचं काम तालमीइतकं मनावर घेणारा माणूस संस्थेत सापडत नाही. दरवर्षी नवी पोरं तेच घोळ घालतात आणि प्रयोगाच्या आदल्या आठवड्यात फोन येतो, "काका, जरा बघता का?"

फुकट पास. ही चूक माझ्या डोक्यात जाते. आपल्याच जिल्ह्यातल्या एका मंडळाचा पहिला प्रयोग. प्रत्येक कलाकाराला घरच्यांसाठी पासांची चळत दिली, जाहिरातदारांना वेगळी, पुढाऱ्यांना त्याहून वेगळी. पासावर खुर्चीचा नंबर नाही. तिसऱ्या घंटेला माणसं जिन्यात बसलेली, कुणीतरी 'हाऊसफुल्ल' म्हणून फोटोही टाकला. आणि खिडकीवर तिकीट काढलेली मंडळी आत आली तर त्यांच्या खुर्च्यांवर नटाची मावशी सहकुटुंब बसलेली! मध्यंतरात भांडण झालं. रात्री गल्ला मोजला तर लाइटवाल्याचंही बिल निघेना. त्यानं दुसऱ्या प्रयोगाला डिमर पाठवले नाहीत, प्रयोग रद्द झाला. पासवाले मात्र पुढच्या नाटकाचे पास कधी मिळणार ते विचारत होते.

माझा शिरस्ता साधा आहे. पासावर सही एकाच माणसाची, नंबर घातलेला, खुर्च्या शेवटच्या दोन रांगांत. बाकी अध्यक्षांनीही तिकीट काढायचं आणि नायिकेच्या आईनंही. घरची माणसं काढत नाहीत तर परक्यानं का काढावं? 'तिकीट लावलं की जीएसटीचं लफडं' ही पळवाट आहे. नाटकाच्या ५०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी नाही.

स्मरणिकेच्या तोंडी जाहिराती. "पान धरा हो माझं" म्हणणारे पुष्कळ, पैसे देणारे थोडे. छापखान्याचं बिल मात्र पूर्ण पानांचं येतं. बरं, जाहिरात मागायला निघायचं कधी, तर गणपतीत, जेव्हा प्रत्येक दुकानदाराच्या दारात वर्गणीवाले उभे! मी जूनमध्येच फिरतो. अर्धी रक्कम हातात पडल्याशिवाय मजकूर छापखान्यात जात नाही. लोक तोंड वाकडं करतात, करू देत.

सेक्रेटरीच्या फोनपेवर देणगी. माणूस कितीही सरळ असो, त्याचा क्यूआर कोड लावू नका. संस्थेच्या नावाचं खातं, दोन सह्या, नंबर घातलेलं पावतीपुस्तक हवंच. ८०जी ची नोंदणी नसताना 'करात सूट मिळेल' असं सांगणं म्हणजे फसवणूक. नोंदणी असली तरी २,००० रुपयांच्या वरची देणगी रोख घेतली तर देणगीदाराला सूट मिळत नाही. हे त्याला आधीच सांगा, नाहीतर मार्चमध्ये तो तुम्हाला ऐकवतो.

परवानगी. लेखकाची परवानगी लेखी हवी. व्हॉट्सॲपवरचा अंगठा चालत नाही. रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही पोस्टर छापण्याआधी हातात असू द्या.

एका हंगामात चार नाटकं. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन, त्याच सुमाराला राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी, त्यात दिवाळी. नट तेच, नेपथ्य उचलणारी पोरं तीच, खिसेही तेच. एकच नाटक नीट बसवा आणि जानेवारी-फेब्रुवारीत त्याचेच प्रयोग लावा. नेपथ्याचा खर्च एकदाच होतो, दुसऱ्या-तिसऱ्या प्रयोगाला काहीतरी उरायला लागतं. पण नव्या पोरांना पहिल्या प्रयोगानंतर लगेच नवं नाटक हवं असतं. जुनं पुन्हा करायचा त्यांना कंटाळा येतो, आणि संस्था इथंच बुडतात.

नेपथ्य नदीकाठच्या तळघरात. भाडं कमी म्हणून घेतात. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोका पातळी ४५ फूट आहे, २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. वरच्या मजल्यावरची खोली घ्या, लहान असली तरी चालेल. नेपथ्याचे फ्लॅट (भिंतीसारख्या उभ्या चौकटी) तिथं उभे राहत नसतील तर बिजागरीवर दुमडणारे बनवा.