शॉर्टकट बदलण्यापूर्वीची तयारी: मराठीत वेब पाने बांधणाऱ्यांसाठी

कोल्हापुरातील राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या कार्यालयात तीन संगणक आहेत आणि त्यांवर पाच जण आळीपाळीने बसतात. कोल्हापुरी चपलांचे विक्रेते, गुळाचे अडते आणि हुपरीचे चांदी कारागीर यांची वेब पाने आम्ही तयार करतो. मांडणी बहुधा वर्डप्रेसच्या ब्लॉक एडिटरमध्ये, म्हणजे परिच्छेद, चित्र असे तुकडे (ब्लॉक) जोडून पान रचण्याच्या साधनात होते आणि काही जुन्या ग्राहकांची पाने अजून ड्रीमवीव्हर या पाने बांधण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत काम इतके साचते की माउसकडे जाणारा प्रत्येक हात जाणवू लागतो. म्हणून कीबोर्डचे शॉर्टकट, म्हणजे माउसऐवजी एकत्र दाबायच्या कळांच्या जोड्या, बदलायचे असतील तर ते श्रावणातच बदलावेत, आणि त्याआधी पुढील तयारी याच क्रमाने करावी.

सर्वप्रथम दोन दिवस काहीही न बदलता फक्त निरीक्षण करावे आणि माउसने पुन्हा पुन्हा होणारी कामे वहीत लिहावीत. त्यानंतर मूळचे शॉर्टकट पाहावेत, कारण हवे ते पुष्कळदा आधीच दिलेले असते. विंडोजवर ब्लॉक एडिटरमध्ये शिफ्ट-ऑल्ट-एच दाबले की संपूर्ण यादी उघडते. ब्लॉकची प्रत काढण्यासाठी कंट्रोल-शिफ्ट-डी आणि निवडलेल्या शब्दांना दुवा जोडण्यासाठी कंट्रोल-के आहे. वहीतली निम्मी कामे इथेच निकाली निघाली तर तेवढे बदल कमी करावे लागतात.

आता खरा वेळ द्यावा तो मराठी कीबोर्डला. बाहेरच्या मार्गदर्शनात हा भाग क्वचितच असतो, आणि आपल्याकडे सगळी गडबड इथेच होते. ब्लॉक एडिटरमध्ये रिकाम्या ओळीवर तिरकी रेघ (/) टाइप केली की ब्लॉकची यादी उघडते, परंतु इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्ड मांडणीत त्या कळेवर ‘य’ आहे. मराठी चालू असेल तर यादी उघडत नाही, नुसता ‘य’ उमटतो. तसेच ‘के’च्या कळेवर ‘क’ आणि ‘डी’च्या कळेवर हलन्त आहे. काही साधने कळेची जागा ओळखतात, तर काही त्या कळेतून निघालेले अक्षर तपासतात. दुसऱ्या प्रकारच्या साधनात इंग्रजीत उत्तम चालणारा शॉर्टकट मराठीत मुका होऊ शकतो. त्यामुळे प्रत्येक नवा शॉर्टकट इंग्रजीत एकदा आणि मराठीत एकदा, असा दोनदा तपासावा. मराठीत जो चालत नाही तो, कितीही सोयीचा वाटला तरी, आपल्या शॉर्टकटांच्या संचात घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

याच ओघात ऑल्ट-शिफ्टचा विचार करावा. विंडोजवर दोन भाषा बसवलेल्या असतील तर डावी ऑल्ट आणि शिफ्ट मिळून भाषा बदलण्याची सोय सामान्यतः चालू असते. शिफ्ट-ऑल्ट-झेडने ब्लॉक काढून टाकता येतो, पण तिसरी कळ लागण्याआधी बोटे उचलली गेली तर ब्लॉक तसाच राहतो आणि भाषा मात्र बदलते. भाषा बदलण्यासाठी विंडोज-स्पेस वापरण्याची सवय सर्वांनी लावून घ्यावी आणि ऑल्ट-शिफ्टची ती सोय सेटिंगमधून बंद करावी. कंट्रोल-ऑल्टच्या जोड्यांनाही जपून हात लावावा, कारण विंडोज या जोडीला उजव्या ऑल्टसारखे मानते आणि इंग्रजी (भारत) कीबोर्डवर उजवी ऑल्ट आणि ४ यांतून ₹ हे चिन्ह येते. चौथ्या पातळीच्या शीर्षकासाठी कोणी कंट्रोल-ऑल्ट-४ नेमले, तर चपलांच्या दरपत्रकात रुपयाचे चिन्ह टाइप करणाऱ्याची पंचाईत होईल.

ब्राउझरने स्वतःकडे राखलेल्या जोड्या यादीतून सरळ खोडाव्यात. क्रोममध्ये कंट्रोल-एन, कंट्रोल-टी आणि कंट्रोल-डब्ल्यू यांवर सामान्य टॅबमधल्या वेब पानाला ताबा मिळत नाही. नुसत्या एका अक्षराचा शॉर्टकटही नेमू नये. बोलून संगणक चालवणाऱ्या व्यक्तीच्या तोंडून निघालेल्या शब्दांमुळे असे शॉर्टकट नकळत सुरू होऊ शकतात, आणि म्हणूनच २०१८ च्या वेब सुलभता मार्गदर्शक तत्त्वांनी, म्हणजे आवृत्ती २.१ ने, ते बंद करण्याची, बदलण्याची किंवा पानावरचा तो तो घटक निवडलेला (फोकसमध्ये) असतानाच चालवण्याची सोय मागितली आहे.

बदल कुठे साठवला जातो, हे मग पाहावे. ड्रीमवीव्हरमध्ये संपादन मेनूतून कीबोर्ड शॉर्टकटची संवादचौकट उघडते. मूळ संच बदलता येत नाही, त्याची प्रत काढून तीत बदल करावे लागतात, आणि ही अडचण नसून संरक्षण आहे, कारण मूळ संच कायम हाताशी राहतो. वर्डप्रेसच्या गाभ्यात अशी चौकटच नाही. तिथे प्लगइन, म्हणजे वरून जोडायचे छोटे सॉफ्टवेअर, घ्यावे लागते किंवा शॉर्टकटची जुनी नोंद रद्द करून नवी नोंदवणारा कोड लिहावा लागतो. हे काम ग्राहकाच्या चालू संकेतस्थळावर कधीही करू नये, चाचणीसाठी वेगळी प्रत तयार ठेवावी. संगणक सामायिक असेल तर नवा संच पाचही जणांना एकाच दिवशी दाखवावा. एकाच्या बोटांना जो शॉर्टकट प्रत काढणारा वाटतो तोच दुसऱ्यासाठी पुसणारा असणे, याहून वाईट अवस्था नाही.

शेवटी छापील कागद. ड्रीमवीव्हर संपूर्ण संच एचटीएमएल तक्त्याच्या रूपात बाहेर काढून देते. वर्डप्रेससाठी असा तक्ता हाताने करावा लागेल. कामांची नावे मराठीत लिहावीत, मराठी कीबोर्डवर तपासलेल्या ओळीपुढे खूण करावी आणि तो कागद प्रत्येक पडद्याशेजारी चिकटवावा. जुना संच मात्र दिवाळी पाडव्याचे गूळ सौदे होईपर्यंत पुसू नये.