पुरवठा साखळीचा खेळ वर्गात घेताना

सांगली-मिरजेत एमबीएच्या पहिल्या वर्षाला शिकवायला लागलात आणि सिम्युलेशन घ्यायचं मनात असेल, तर महागडं सॉफ्टवेअर शोधत बसू नका. एमआयटीत १९६० च्या सुमारास तयार झालेला बिअर गेम, म्हणजे साखळीतल्या प्रत्येकाने आपल्या वरच्याकडून दर आठवड्याला माल मागवायचा खेळ, साध्या एक्सेलवर चालतो. बिअरच्या जागी हळद पावडरच्या पेट्या घ्या. मिरजेचा दुकानदार, मार्केट यार्डातला घाऊक व्यापारी, वितरक आणि कुपवाड एमआयडीसीतला कारखाना, अशा चार भूमिका.

सुरुवातीला प्रत्येकाकडे १२ पेट्या. ऑर्डर वर पोचायला दोन आठवडे, माल खाली यायला दोन. वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावर ४ पेट्या. शिल्लक पेटीला आठवड्याला ५० पैसे खर्च, न पुरवलेल्या पेटीला १ रुपया. बोलायचं नाही, फक्त ऑर्डरचा आकडा पुढे जातो.

गिऱ्हाईक चार आठवडे ४ पेट्या मागतं, पाचव्यापासून कायम ८. खरी मेख इथेच आहे. दुकानदाराने त्याच आठवड्यात ८ मागवल्या तरी त्या नवव्यात येतात. तोवर दर आठवड्याला ४ कमी होत सातव्याअखेर शिल्लक शून्य, आठव्यात ४ पेट्यांची तूट. मग तो घाबरून तीच तूट दर आठवड्याला पुन्हा मागवतो, वाटेतला माल विसरतो. कारखान्यापर्यंत पोचेतो ही मागणी कित्येक पटींनी फुगते. ही चूक खेळात घडायलाच हवी, म्हणून फायलीत 'वाटेतला माल' हा रकाना ठेवूच नका; तो ज्याचा त्याने लक्षात ठेवायचा. मात्र प्रत्येक ऑर्डरशेजारी एका ओळीत कारण लिहायला लावा. चर्चेत हेच कागद कामी येतात.

चौघांना एकच शीट दिली तर गिऱ्हाइकाचा आकडा सगळ्यांना दिसतो आणि खेळ संपतो. फायली वेगळ्या ठेवा, सूत्रांचे सेल लॉक करा. वीज गेली तर अडायला नको म्हणून छापील चिठ्ठ्या तयार ठेवा. खेळ ५० आठवड्यांचा आहे असं सांगा, पण ३६ व्याला थांबवा. शेवट ठाऊक असला की मुलं आधीच माल संपवायला लागतात.

खेळाला दीड तास लागतो, चर्चेला पूर्ण तास हवाच. घाई करायचीच झाली तर खेळ आटोपता घ्या, चर्चा नाही. खरी मागणी दाखवण्याआधी दुकानदार सोडून बाकीच्यांना तिचा आलेख काढायला सांगा. बहुतेक जण लाटा काढतात. मग फळ्यावर ४ वरून ८ ची एकच पायरी काढा. दोष माणसांचा की रचनेचा, हा वाद तिथून आपोआप सुरू होतो. तो मुलांनाच लढवू द्या.

जमलं तर पुढच्या तासाला दुसरी फेरी घ्या, गिऱ्हाइकाची मागणी चौघांनाही दाखवून, आणि दोन्ही फेऱ्यांचा एकूण खर्च शेजारी शेजारी मांडा.